बालीच्या काळ्या वाळूचा निवांत किनारा: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

काळाराम मंदिराच्या आवारात चैत्रातल्या भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातलेल्या माणसाला काळा दगड किती तापतो हे वेगळे सांगावे लागत नाही. इंडोनेशियातील बाली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आम्ही दोघे भाऊ पहिल्यांदा गेलो, तेव्हा हा अनुभव गाठीशी असूनही तो ऐन वेळी आठवला नाही. सकाळी पाण्याच्या कडेला चपला काढून ठेवल्या, ओल्या वाळूवरून बरेच पुढे चालत गेलो आणि अकराच्या सुमारास जवळची वाट धरावी म्हणून कोरड्या वाळूत शिरलो. वीस-पंचवीस पावलांतच धाकट्या भावाच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. त्याला आधार देऊन रस्त्यापर्यंत न्यायला माझ्याखेरीज तिथे कोणीही नव्हते, कारण कोणी नसावे म्हणूनच आम्ही तो किनारा निवडला होता. ज्या किनाऱ्यावर गर्दी नसते तिथे सावली, पाणी, औषध आणि मदतीचा हातही नसतो, त्यामुळे या सगळ्याची सोय निघण्यापूर्वीच करावी लागते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्याच तयारीविषयी आहे.

ही वाळू आणि आपला दगड

बालीतील काळी वाळू म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचा झिजून झालेला चुरा आहे. बेटाच्या पूर्व भागात उभा असलेला आगुंग पर्वत तीन हजार मीटरहून उंच असून तो जागृत ज्वालामुखी आहे. १९६३ साली झालेल्या त्याच्या मोठ्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि २०१७ ते २०१९ या काळातही तो पुन्हा धुमसत होता. त्याच्या उतारांवरून वाहून आलेली राख आणि खडक नद्या-ओढ्यांनी समुद्रात आणून टाकले, लाटांनी ते दळले आणि त्यातून हे किनारे तयार झाले. ब्रह्मगिरी, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर आणि काळारामाच्या भिंती यांचा दगडही लाव्हाचाच आहे. फरक इतकाच की आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तर तिथल्या वाळूतले काही कण आपल्या आजोबांच्या हयातीत डोंगरातून बाहेर पडलेले असू शकतात.

या वाळूत मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे कण मिसळलेले असतात. एक साधे लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवले की पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बारीक काळ्या कणांची लव उभी राहते, आणि चुंबक आतून काढून घेताच ती सारी लव गळून पडते. मुले बरोबर असतील तर हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. हेच कण मोबाइलच्या स्पीकरला आणि कानात घालायच्या इअरफोनला चिकटून बसतात व सहजी निघत नाहीत, त्यामुळे ही उपकरणे वाळूत उघडी ठेवू नयेत. त्यांच्यासाठी चेनची बंद पिशवी बरोबर असावी.

दक्षिण टाळावी, पूर्व धरावी

काळी वाळू बालीत अनेक ठिकाणी आहे, पण प्रत्येक काळा किनारा पाण्यात उतरण्याजोगा नाही, आणि नवख्या प्रवाशाची सर्वांत मोठी चूक इथेच होते. विमानतळावरून पूर्वेकडे निघालेला हमरस्ता केरामास, लेबिह अशा ज्या किनाऱ्यांजवळून जातो, ते काळेभोर, विस्तीर्ण आणि बहुतेक वेळा रिकामे असतात. पश्चिमेकडे ताबानान जिल्ह्यातील येह गांगा आणि पासुत येथेही तसेच दृश्य दिसते. हे सर्व किनारे दक्षिणेच्या मोकळ्या हिंदी महासागरासमोर आहेत. हजारो किलोमीटर दूरच्या वादळांत उठलेल्या लाटा कोणताही अडथळा न येता तिथे येऊन आदळतात आणि परतणारे पाणी माणसाला सहज खेचून नेते. तिथे फिरावे, सूर्यास्त पाहावा, घोटाभर पाण्यात उभे राहावे. पोहायला मात्र उतरू नये.

पाण्यात उतरायचे असेल तर कारांगासेम जिल्ह्यातील आमेदचा किनारा मला अधिक योग्य वाटतो. आमेद हे एका गावाचे नाव असले तरी प्रत्यक्षात ती डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या लहान गावांची माळ आहे. आमेदनंतर जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग आणि आस असा क्रम लागतो. प्रत्येक गावापाशी एक छोटी खाडी आहे आणि रस्ता एका टेकाडावर चढून पुढच्या खाडीत उतरतो. जेमेलुकला प्रवाळ पाहायला येणाऱ्यांची वर्दळ असते. जसजसे आसच्या दिशेने जावे तसतशी माणसे कमी होत जातात. एकांत हवा असणाऱ्याने मुक्काम जेमेलुक किंवा लिपाह येथे करावा आणि दिवसातील काही तास पुढच्या खाड्यांमध्ये घालवावेत, कारण जेवण, औषधे व वाहन यांची सोय मुक्कामाच्या गावात मिळते आणि शांतता तिथून थोड्याच अंतरावर असते.

केव्हा जावे

एप्रिल ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा हंगाम असून नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये जगभरच्या सुट्ट्यांमुळे गर्दी वाढते, म्हणून मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. पावसाळ्यात ओढ्यांचा गाळ समुद्रात येऊन पाणी गढूळ होते आणि कचराही वाहून येतो.

मार्चमध्ये जाणार असाल तर एक तारीख आधी तपासणे अत्यावश्यक आहे. बालीतील हिंदू समाज शक कालगणना पाळतो आणि त्यांचा नववर्षदिन न्येपी या नावाने ओळखला जातो. २०२३ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही २२ मार्च रोजी आले होते. काही वर्षी मात्र अधिक मासाच्या हिशेबामुळे त्यांत महिन्याभराचे अंतर पडते. आपण पाडव्याला गुढी उभारून, नवी वस्त्रे लेऊन बाहेर पडतो, तर तिथे त्या दिवशी पूर्ण मौन पाळले जाते. चोवीस तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर वाहन दिसत नाही, रात्री दिवे लावले जात नाहीत आणि पर्यटकांनाही मुक्कामाच्या आवाराबाहेर पडण्याची मुभा नसते, मग किनाऱ्यावर जाण्याची गोष्टच नको. त्याआधीच्या दिवसांत मेलास्ती नावाचा शुद्धीकरणाचा विधी होतो. गावोगावच्या मंदिरांतील पवित्र वस्तू मिरवणुकीने समुद्रावर आणल्या जातात आणि पांढऱ्या वस्त्रांतील शेकडो माणसे काळ्या वाळूवर पूजेला बसतात. तो सोहळा पाहण्याचा योग आला तर बाजूला, खालच्या जागी उभे राहून पाहावा, पूजा करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नये आणि खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

नाशिकहून निघताना

पासपोर्टची मुदत बालीत पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. भारतीय नागरिकांना आगमनानंतर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो, त्याचे शुल्क ५,००,००० इंडोनेशियन रुपिया आहे आणि तो एकदा आणखी ३० दिवसांसाठी वाढवता येतो. हाच व्हिसा निघण्यापूर्वी ऑनलाइनही काढता येतो. अर्ज मात्र इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण तशीच दिसणारी आणि जादा पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. याखेरीज १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताने परदेशी पर्यटकांवर १,५०,००० रुपियांचा वेगळा कर लावला आहे. तोही घरूनच भरून पावती मोबाइलमध्ये जपून ठेवावी.

मुंबईचे विमानतळ गाठण्यासाठी पावसाळ्यात कसारा घाटातील दरड, धुके आणि ट्रकांच्या रांगा यांचा विचार करून नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी निघावे. बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. देनपासारच्या विमानतळावरून आमेदपर्यंत मोटारीने अडीच ते तीन तास लागतात. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी त्याच वेळी हा प्रवास करू नये, कारण शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा आहे.

तिथे स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह होतो. आपल्याप्रमाणे तिथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे चालवणे अवघड वाटत नाही. परंतु आरटीओकडून मिळणारा, दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा नाकारला जाण्याची शक्यता असते. हा परवाना नाशिकलाच काढून घ्यावा. ज्यांना घाटात दुचाकी चालवण्याची सवय नाही त्यांनी चालकासह मोटार ठरवावी.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. बाली हिंदू असले तरी तिथे मांसाहार सर्रास आहे, आणि भाजीच्या पदार्थातही तेरासी नावाची सुक्या कोळंबीची चटणीवजा पेस्ट मिसळलेली असते. "साया तिदाक माकान दागिंग" म्हणजे मी मांस खात नाही, "तान्पा इकान" म्हणजे मासे नकोत आणि "तान्पा तेरासी" म्हणजे ती पेस्ट नको, एवढी तीन वाक्ये पाठ करावीत. तेंपे हा आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ आणि ताहू म्हणजे टोफू जवळपास सर्वत्र मिळतो. किनाऱ्यावर नेण्यासाठी घरचे खाकरे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उपयोगी पडते, कारण पुढच्या खाड्यांमध्ये दुकान असेलच असे नाही.

वाळूवर पाऊल ठेवण्यापूर्वी

या किनाऱ्यावर दिवसाचे दोनच भाग आपले असतात, सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतचा आणि चारनंतरचा. मधला काळ सावलीत घालवावा. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ८ अंशांवर आहे, त्यामुळे तिथले दुपारचे ऊन बाराही महिने आपल्या वैशाखाची आठवण करून देते. गडद रंगाची वाळू त्या उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेते. निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या रानात एप्रिलमध्ये अनवाणी चाललेल्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते, फक्त तिथे ढेकळांची सावली असते आणि इथे सपाट वाळू तापत राहते.

वाळू चालण्याजोगी आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी, की हाताची पाठ, तळवा नव्हे, कोरड्या वाळूवर टेकवून सावकाश पाच अंक मोजावेत. पाच होण्यापूर्वी हात उचलावासा वाटला तर अनवाणी चालू नये. साधी रबरी चप्पल वाळूत रुतते आणि तिच्या कडेवरून गरम वाळू पायाखाली येते, म्हणून टाच आणि बोटे झाकणारे, पाण्यात चालणारे बूट घ्यावेत. खाड्यांच्या तळाशी दगड आणि समुद्री साळूंचे काटेही असतात, तेव्हा हे बूट दोन्हीकडे उपयोगी पडतात. येताना ज्या वाटेने आलो तिथे वाळू गार होती म्हणून परततानाही ती तशीच असेल असे समजू नये. आमची चूक नेमकी तीच होती. भाजलेच तर पाय पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ गार पाण्याखाली धरावा, फोड फोडू नये आणि त्यावर टूथपेस्ट वगैरे लावू नये.

माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी, मीठ-साखरेची पाकिटे, छत्री, बारीक सुती टॉवेल आणि शिटी एवढे सामान कमीत कमी असावे. तिथले नळाचे पाणी पिऊ नये. जिथे उतरला आहात तिथल्या यजमानांना कोणत्या खाडीत जात आहात आणि किती वाजता परतणार आहात हे सांगून निघावे, कारण टेकाडांच्या आड मोबाइलची रेंज जाते. इंडोनेशियातील शोध व बचाव सेवेचा क्रमांक ११५ आहे, तो आधीच जतन करून ठेवावा.

पाणी वाचायला शिकणे

आपण नाशिककर नदीकाठची माणसे. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून आपण पुराचा अंदाज बांधतो. समुद्रालाही अशा खुणा असतात, फक्त त्या रोज दोनदा बदलतात. किनाऱ्यावर पोहोचताच वाळूवर पडलेली शेवाळ, काटक्या आणि नारळाच्या शेंड्यांची आडवी ओळ शोधावी. मागची भरती तिथपर्यंत आली होती, म्हणून सामान त्या ओळीच्या वर ठेवावे. ओळीच्या वर थेट कडा असेल आणि बाजूने निघायला वाट नसेल, तर भरतीच्या वेळी त्या जागी थांबू नये. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि पाणी नेहमीच्या ओळीच्याही वर चढते, त्यामुळे सहलीची तारीख ठरवताना पंचांग पाहणे इथे खरोखर उपयोगाचे आहे.

त्यानंतर किमान दहा मिनिटे पाण्याकडे नुसते पाहत बसावे. लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद आणि किंचित खळबळलेला दिसला तर तो सुरक्षित समजून तिथे उतरू नये; किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा त्याच वाटेने समुद्रात परत जात असते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग परतावे. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. तळ गडद असल्याने पाणी किती खोल आहे हे वरून कळत नाही, आणि अनेक ठिकाणी उतार इतका तीव्र असतो की चार पावलांत कमरेचे पाणी गळ्याशी येते. ज्यांचे पोहणे तरणतलावापुरतेच आहे त्यांनी लाइफ जॅकेट घालूनच उतरावे आणि पाय टेकतील तिथेच राहावे.

खाडीच्या तोंडाबाहेर कधीही जाऊ नये. आमेदसमोर बाली आणि लोंबोक यांच्यामधील सामुद्रधुनी आहे. प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागरात येण्याच्या प्रमुख वाटांपैकी ही एक असल्याने तिच्यातला प्रवाह फार जोरकस असतो. खाडीत पाणी आरशासारखे असले तरी दोन्ही बाजूंच्या भूशिरांपलीकडे ते वाहत्या नदीसारखे असते. शंका आल्यास मच्छीमाराला "आरुस कुआत?" असे विचारावे, म्हणजे ओढ जोरात आहे का. त्याने मान हलवून होय म्हटले तर त्या दिवशी पाण्याचा विचार सोडून द्यावा.

धरणीकंपाविषयीही माहीत असावे. ५ ऑगस्ट २०१८ रोजी लोंबोक येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा बालीही हादरले होते. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा हादरा बसला तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न पाहता, सामान न उचलता टेकाड चढावे. आगुंगच्या सद्यस्थितीसाठी इंडोनेशियाची यंत्रणा इशाऱ्याच्या चार पातळ्या वापरते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पातळी पाहून घ्यावी.

माणसे, कासवे आणि मीठ

पहाटे सहाच्या आधी वाळूवर पोहोचलात तर जुकुंग परतताना दिसतात. या अरुंद होडीला दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असतात, त्यामुळे ती पाण्यावर पाय पसरून बसलेल्या किड्यासारखी दिसते. होडी वाळूवर ओढताना चार हात कमी पडत असतील तर पुढे होऊन हातभार लावावा, आणि सावलीसाठी कोणाच्याही होडीला टेकून बसण्यापूर्वी विचारावे. वयस्कर पुरुषाला पाक, स्त्रीला इबू, आपल्याहून थोड्या मोठ्या बाली तरुणाला ब्ली आणि तरुणीला म्बोक म्हणतात. आपल्या काका, काकू, दादा, ताईंसारखेच हे शब्द आहेत. आभारासाठीचा सुक्स्मा हा त्यांचा शब्द आपल्या "सूक्ष्म"चा सख्खा भाऊ आहे. वाटेत पानांच्या छोट्या द्रोणांत फुले, भात आणि उदबत्ती ठेवलेली दिसते. ती त्या दिवसाची पूजा असते, म्हणून तिच्यावर पाय पडू देऊ नये.

बालीच्या काही काळ्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. आपल्या कोकणात वेळासला येणारी कासवे याच जातीची. अंड्यांतून मादी निघणार की नर हे घरट्यातील वाळूच्या तापमानावर ठरते आणि वाळू जितकी उष्ण तितक्या माद्या अधिक. रात्री वाळूत विजेऱ्या फिरवू नयेत आणि कासव दिसल्यास मागे, दूर उभे राहावे. प्रवाळाचा तुटका तुकडाही पिशवीत टाकू नये. प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि परतल्यावर सीमाशुल्क तपासणीत तो अडचणीचा ठरू शकतो. वाळूही तिथेच राहू द्यावी.

आठवण म्हणून काही आणायचेच असेल तर मीठ आणावे. आमेदच्या वाटेवर, गोआ लावाह या वटवाघळांच्या गुहेजवळ, कुसांबा हे गाव लागते. तिथले मीठकरी समुद्राचे पाणी कावडीने आणून सपाट केलेल्या काळ्या वाळूवर शिंपडतात. भावाच्या तळव्यांना जिने फोड आणले तीच उष्णता ते पाणी आटवते. खारट झालेला वरचा थर खरवडून लाकडी पिंपात भरतात, त्यावरून पुन्हा समुद्राचे पाणी सोडतात आणि खाली निथळलेले दाट खारे पाणी नारळाच्या चिरलेल्या खोडांच्या पन्हळीत उन्हात ठेवतात. सकाळी थांबलात तर हे काम प्रत्यक्ष पाहायला मिळते. पाकीट त्याच झोपडीतून, सांगितलेल्या किमतीला घ्यावे आणि परतीच्या सामानात दोन पिशव्यांत बांधून ठेवावे, कारण हे मीठ ओलसर असते आणि एका पिशवीतून पाझरते.